मडक्याच्या आतून बोलतोय

दौलताबादच्या किल्ल्यावरून सुटलेला तोफेचा गोळा म्हणजे मीच. बुरजावरून निघालो, खाली उभ्या फौजेचे दोन हत्ती पळवून लावले आणि दमून पायथ्याच्या गावात येऊन बसलो, तो आजतागायत.

खोटं आहे सगळं. मी नाल्यातला दगड आहे. हत्ती मी आयुष्यात एकदाच पाहिला, तोही सर्कशीच्या जाहिरातीवर. ती जाहिरात माझ्याच बुडाखाली दाबलेली होती, त्यामुळं हत्तीचे पाय तेवढे दिसले.

तोफेचं खूळ माझ्या डोक्यात एका गाईडनं घातलं. किल्ला दाखवून झाला की तो पाहुण्यांना आमच्या कुंभारवाड्यात आणायचा, रांजणातलं पाणी पाजायचा. एकदा कुणीतरी माझ्याकडं बोट दाखवून विचारलं, तर हा म्हणाला, "ये तोप का गोला है साब, चारसौ साल पुराना." साहेबांनी मला हातात घेऊन फोटो काढला. त्यानंतर चार दिवस मी थापीशी बोललो नाही. आता तिची पायरी वेगळी, माझी वेगळी.

खरी पायरी सांगतो. कुंभाराच्या घरी मडकं घडवायला दोघं लागतात. बाहेरून लाकडाची थापी आणि आतून दगडाचा गोळा. थापी मार देते, मी मार खातो, आणि मधल्या मध्ये माती शहाणी होते. चाकावरून उतरलेलं भांडं जाडजूड आणि बुटकं असतं. ते अर्धवट सुकलं की बाई डाव्या हातात मला धरून आत घालते आणि उजव्या हातानं बाहेरून थापी मारत जाते. माती पातळ होत होत फुगते, आणि बुटक्या भांड्याचा पोटाळू माठ होतो. थापी जिथं पडेल तिथं आतून मी असलोच पाहिजे. सुतभर इकडंतिकडं झालो की भिंतीला खड्डा.

आत गेल्यावर मी कुणालाच दिसत नाही. आणि न दिसणाऱ्याला खोड्या सुचतात. नवा हात आला की मी जरा घसरतो. लई नाही, ज्वारीच्या दाण्याएवढा. थापी पोकळ जागी पडते, भद्दकन आवाज येतो, नवा माणूस दचकतो आणि थापीकडं रागानं बघतो. माझ्याकडं कुणी बघत नाही. ही माझी करमणूक. मला काही टीव्ही नाही.

मला नाल्यातून उचललं भागूबाईनं. तिला पन्नास-साठ दगड उचलून टाकताना मी बघितलं होतं. ती दगड हातात घ्यायची, मूठ मिटायची, तोंड वाकडं करायची आणि फेकून द्यायची. मला घेतलं, मूठ मिटली आणि तशीच घरी चालायला लागली. मला वाटलं, आपल्या रूपावर भाळली. घरी गेल्यावर तिनं मला वर्षभर खरबरीत फरशीवर घासला.

खालून मी गोल गुळगुळीत झालो. वरच्या अंगाला तिचा अंगठा बसेल असा खळगा तिच्याच अंगठ्यानं पडत गेला. डाव्या हाताचा अंगठा. ही गोष्ट तेव्हा मलाही बारीक वाटली होती.

माझं शिक्षण अर्धं झालं आहे. एका दुष्काळात मातीला पाणी नव्हतं, काम बंद होतं, तेव्हा माठ घ्यायला आलेल्या गुरुजींनी मला कागदावर ठेवायला मागून नेलं. दीड वर्ष मी शाळेत होतो, तेवढ्यात पहिली झाली आणि दुसरी अर्धी झाली. सतराच्या पाढ्याला भागूबाई मला परत घ्यायला आली. तो पाढा मला अजून येत नाही. गुरुजींनाही येत नव्हता, ते सोळावरून थेट अठरावर जायचे, हे मी टेबलावरून स्वतः ऐकलं आहे.

भागूबाईचा मुलगा बद्रीनाथ. त्याची बायको द्वारकाबाई. भागूबाईनं सुनेला शिकवलं ते असं, की मला तिच्या हातात दिलं, थापी दिली आणि स्वतः पाठ करून बसली. सून मारायची. सासू पाठमोरीच म्हणायची, "चुकलं." सून पुन्हा मारायची. "चुकलं." सुनेला वाटायचं, म्हातारीला पाठीला डोळे आहेत. डोळे नव्हते, कान होते. बरोबर पडलेल्या थापीचा आवाज भरीव येतो, चुकलेल्याचा पोकळ. मी त्यात माझी दाण्याएवढी भर घालायचो, त्यामुळं द्वारकाबाईचे तीन महिन्यांचे पाच महिने झाले. मग एके दिवशी तिनं मला राखेत चांगला लोळवला, घट्ट धरला आणि मला घसरताच आलं नाही. सासू त्या दिवशी काहीच बोलली नाही. तेच तिचं प्रमाणपत्र.

चाकावर बद्रीनाथ बसायचा. बाईनं चाकावर बसायचं नाही, असं भागूबाईचं सांगणं होतं, सगळ्या गल्लीचंच होतं. थापायचं काम बाईचं. आणखी एक सांगणं त्या घराचंच होतं. डाव्या हातात थापी धरायची नाही. डाव्या हाताचं मडकं फक्त मसणात जातं. घरातलं माणूस गेलं, की तिरडीपुढं न्यायचं मडकं तेवढं डाव्या हातानं थापायचं.

भागूबाई गेली तेव्हा द्वारकाबाईनं तसं थापलं. बारा वर्षांपूर्वी बद्रीनाथ गेला तेव्हाही थापलं. मला उजव्या हातात धरून. त्या दोन वेळा मी मुद्दाम घसरलो नाही, एवढं माझ्या बाजूनं लिहून ठेवा.

बद्रीनाथ गेल्यावर चाकावर कोण बसणार? मुलगा सोमनाथ शाळेची व्हॅन चालवतो, त्याला चाकं चार लागतात. तेराव्याला पाहुणे गेले आणि चौदाव्या दिवशी द्वारकाबाई चाकावर बसली. आठ दिवस गल्ली बोलली. नवव्या दिवसापासून माठ घ्यायला आली.

गिऱ्हाइकांबद्दल एक सांगू द्या. चांगला माठ पाझरतो. अंगातून थोडं थोडं पाणी बाहेर येतं, वाऱ्यानं सुकतं, म्हणून आतलं पाणी गार होतं. शहरातल्या बायका दुसऱ्या दिवशी माठ परत घेऊन यायच्या. "मावशी, हा गळतोय." द्वारकाबाई पदरानं तोंड पुसून म्हणायची, "बाई, उन्हात उभी राहून तुला घाम आलाय, तू गळतीस का?" एक बाई चिडून गेली आणि पुढच्या उन्हाळ्यात दोन माठ घेऊन गेली.

आता ट्रकनं माठ येतात. तोटी लावलेले, वर मोर काढलेले. त्यांच्याशी आमचं भांडण नाही, मोर चांगले काढतात. पण रांजण ट्रकनं येत नाही. माणसाच्या कमरेएवढा रांजण वाटेतच फुटतो, आणि तो थापायला जो हात लागतो तो आमच्या गल्लीत द्वारकाबाईचा एकटीचा उरला होता. वेरूळच्या रस्त्यावरचे पेरूवाले, धाबेवाले तिच्याकडूनच रांजण न्यायचे.

तर गेल्या दिवाळीत ती अंगणात घसरून पडली आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं तेव्हा मनगट जरा वाकडंच जुळलेलं होतं. चहाचा कप धरता येत होता, थापी नाही. मी कोनाड्यात बसून राहिलो. एक पाल माझ्यावर झोपायला लागली. तोफेच्या गोळ्याचे असे दिवस आले.

सोमनाथ वाईट मुलगा नाही. आईला दवाखान्यात त्यानंच नेलं, भाकरी चुरून भरवली. पण किल्ल्यावर रविवारी गाड्यांची ही गर्दी, लोक रस्त्यावरच गाड्या लावून जातात, आणि आमचं मातीचं अंगण रस्त्याला लागून. तो म्हणाला, आई, आता झालं की तुझं. चाक काढू, आवा पाडू, मुरूम टाकून पार्किंग करू. तू खुर्चीवर बसून पावत्या फाड. आवा म्हणजे आमची भट्टी, अंगणाच्या टोकाला.

द्वारकाबाई वाकडं मनगट चोळत राहिली. बोलली सून, रूपाली.

रूपाली करमाडची. माहेर कुंभाराचंच, पण बाप शेंद्र्याला कंपनीत, आणि आजोबांचं चाक पाण्याच्या टाकीवर झाकण म्हणून ठेवलेलं. लग्नाला चार वर्षं झाली तरी तिनं कधी मातीला हात लावला नव्हता, कुणी लाव म्हणालंही नव्हतं. ती पोळी लाटता लाटता म्हणाली, "मला शिकवा की आत्या."

आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात. सोमनाथ हसला. त्याला वाटलं, मोबाईलवर काहीतरी बघितलं असेल. रूपाली म्हणाली, मोबाईल बघूनच कंटाळा आलाय. तुमची व्हॅन सकाळी जाते ती संध्याकाळी येते, घरात मी आणि आत्या दोघी भिंतीकडं बघत बसतो. आत्याला येतंय, मला हात आहेत.

सोमनाथनं अट घातली. अक्षय्य तृतीयेपर्यंत, आमच्याकडच्या आखाजीपर्यंत, आव्यातून एक रांजण धड काढून दाखवा. निघाला तर अंगण तुमचं. नाही निघाला तर त्याच दिवशी मुरमाची ट्रॉली येईल. संक्रांत नुकतीच झाली होती. पालीला खाली उतरवून द्वारकाबाईनं मला कोनाड्यातून काढलं.

मी खूश झालो. नवा हात, नवी करमणूक.

चाक रूपालीला लवकर आलं. महिन्याभरात ती जाडजूड भांडी सरळ उतरवायला लागली. मग मी आत गेलो आणि खेळ सुरू झाला. द्वारकाबाई सासूसारखीच पाठ करून बसली.

"चुकलं."

"आत्या, बघा तरी."

"बघून काय करू, ऐकू येतंय. लक्ष कुठंय तुझं?"

"मडक्यातच आहे. डोकं घालायचं तेवढं राहिलंय."

पहिला आठवडा मी भरपूर घसरलो. दुसऱ्या आठवड्यात कंटाळलो आणि खोडी थांबवली. सरळ, शहाण्यासारखा बसलो. तरी खड्डे पडायचे ते पडतच राहिले. थापी दर वेळी माझ्या शेजारी पडायची. भांड्याची एक बाजू जाड, एक बाजू पापडासारखी. सुकताना पापडाची बाजू चिरायची आणि माती परत भिजवायच्या हौदात जायची. सात गेली. दहा गेली. लहान माठच उभा राहीना, तर रांजणाचं नाव कोण घेतो.

द्वारकाबाईनं दोष शोधायला सुरुवात केली. आधी मातीला दिला. मग लिदीला. मातीत घोड्याची लीद घालावी लागते, आणि टांगे गेल्यापासून ती वरातीच्या घोडीवाल्याकडून येते. बाई म्हणाली, त्या घोडीला लोक पेढे चारतात, लीद बिघडणार नाय तर काय. मग करमाडच्या पाण्याला दोष दिला. मग मला. मला हातात घेऊन म्हणाली, "तू खोड्या करतूस का रे मेल्या?" मी गप्प. कारण या खेपेला माझा काही संबंधच नव्हता, आणि हे सांगायची सोय नव्हती.

शेवटी ती रूपालीला म्हणाली, "तुझा हात मातीचा नाय, बाई. काहींचा नसतोय." हे तिनं रागानं म्हणलं नाही, म्हणून ते जास्त लागलं. रूपालीनं मान खाली घालून थापी धुतली, जागेवर ठेवली आणि चहा टाकायला आत गेली.

त्या संध्याकाळी सोमनाथ टेप घेऊन अंगण मोजत होता. चार मोठ्या गाड्या आणि कडेला सात-आठ मोटारसायकली, असा त्याचा हिशोब. चाकाच्या जागेवर पाय ठेवून तो फोनवर मुरूमवाल्या नानासाहेबांशी बोलत होता. मी तिथंच पडलो होतो. त्यानं मला बुटानं बाजूला सारलं. तेव्हा पहिल्यांदा मला भीती वाटली. मुरमाच्या ढिगात एक काळा दगड पडला तर तो कुणाला ओळखू येतो? मी खोड्यांत घालवलेले दिवस मोजले, आणि पहिलीपर्यंत शिकलेला असल्यानं मला ते मोजताही आले.

होळी झाली. थंडी गेली की घरातल्या गोधड्या धुवायच्या असतात. रोजचे कपडे सोमनाथनं आणलेलं मशीन धुतं, पण गोधडी मशीनमध्ये मावत नाही. मागच्या वर्षापर्यंत गोधड्या द्वारकाबाईच बडवायची. या वर्षी रूपाली बसली, मागच्या दारी दगडावर, हातात कपडे बडवायचं लाकूड घेऊन.

द्वारकाबाई पुढच्या अंगणात पत्र्याखाली खाटेवर आडवी झाली होती. मी चाकाजवळ. मागून आवाज यायला लागला. ठप, ठप, ठप. एकसारखा, भरीव. एकही ठोका पुढं नाही, मागं नाही. मला वाटलं, द्वारकाबाई बडवतीय. पण ती तर खाटेवर होती, आणि डोळे उघडून छताच्या पत्र्याकडं बघत होती.

"कोण बडवतंय गं?" ती म्हणाली.

ती उठली आणि मागच्या दारापर्यंत गेली. मी जागचा हललो नाही, दगडच तो, पण पुढचं सगळं मला नंतर तिच्याच तोंडून कळलं. रूपालीच्या डाव्या हातात लाकूड होतं. उजव्या हातानं ती गोधडी सरकवत होती, आणि हात जिथून सुटेल तिथंच पुढचा ठोका पडत होता. न बघता. ती बघत होती कुंपणावरच्या कावळ्याकडं.

द्वारकाबाई तशीच परत आली आणि खाटेवर बसली. दोन दिवस ती थापी मांडीवर घेऊन बसून होती. सोमनाथनं विचारलं, मनगट दुखतंय का. ती म्हणाली, नाय, दुसरंच.

तिसऱ्या दिवशी तिनं रूपालीला चाकाजवळ बोलावलं.

"तू डावरी हाईस."

रूपाली घाबरली. चोरी सापडल्यासारखं तोंड झालं. म्हणाली, लहानपणी होते आत्या, मग आईनं सोडवलं. जेवताना चमचा हातावर मारायची. शाळेत बाई डाव्या हातात पेन दिसलं की उभं करायच्या. मी आता सगळं उजव्यानंच करते. गोधडीचं काय, तिथं कुणी नव्हतं म्हणून.

"महिनाभर मी पाठ करून बसले," द्वारकाबाई म्हणाली. "एकदा तोंड फिरवलं असतं तर थापी धरायची तुझी धडपड दिसली असती. ऐकायचं शिकले, बघायचं राहिलं." मग तिनं थापी उचलली आणि सुनेच्या डाव्या हातात दिली. "धर."

रूपालीनं धरली नाही. तिला या घराची चाल ठाऊक होती. सासऱ्यांचं ते शेवटचं मडकं करताना बघितलं नव्हतं, पण ऐकलं होतं. "डाव्या हाताचं मसणात जातं ना, आत्या? आखाजीला पितरांना पाणी द्यायचं, त्या सणाला असा रांजण?"

द्वारकाबाईनं मला उचलून हातात घेतलं. मला वाटलं, आता माझं मत विचारते.

"माझी सासू म्हणायची डावा हात मसणाचा," ती म्हणाली. "सासू असंही म्हणायची की बाईनं चाकावर बसू नये. तिची एक चाल मोडली तवा आभाळ पडलं नाय. दुसरी मोडू. पितर आपलेच हाईत, आणि त्यातली निम्मी माझ्या हातचं पाणी पिऊन गेलीत. काय म्हणायचंय ते मला म्हणतील."

रूपालीनं थापी घेतली. आणि मग माझी पाळी आली.

डाव्या हातात थापी, म्हणजे मी उजव्या हातात. माझ्या अंगावरचा खळगा डाव्या अंगठ्याचा. दोन बायकांनी साठ वर्षं घालून पाडलेला. तिच्या उजव्या हातात तो खळगा भलत्याच बाजूला गेला, अंगठ्याच्या जागी धार आली. या वेळी मी खरोखर घसरायला लागलो आणि शपथ घेऊन सांगतो, मुद्दाम नाही. रूपालीनं मला इकडून धरलं, तिकडून धरलं, फडकं गुंडाळून बघितलं. मग तिनं मला उलटा केला.

उलटा म्हणजे डोकं खाली, बूड वर. जी बाजू आयुष्यभर मातीला लागली ती तिच्या तळव्यात, आणि जी बाजू लोकांना दाखवून मी तोफेच्या गोष्टी सांगितल्या ती मातीला. तिथल्या माझ्या खळग्यात तिनं आधी चिकणमाती भरून, सुकवून, घासून सपाट केली. पाच दिवस लागले. कुणी मला विचारलं नाही. साठ वर्षांच्या म्हाताऱ्याला शीर्षासन घालायला लावतात का?

पण आवाज आला. ठप, ठप, ठप.

द्वारकाबाई या वेळी समोर बसली होती, तोंड करून. पहिल्या दिवशी तिनं चारच शब्द उच्चारले. "राख लाव. हळू. हं." हे शेवटचं "हं" माझ्या हयातीत तिनं फार कमी वेळा म्हणलं आहे.

पुढं घाईचे दिवस आले. एक माठ उभा राहिला, मग दोन. मग रांजण घेतले. रांजण एका दिवसात होत नाही. थापायचा, ओल्या फडक्यात ठेवायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा थापायचा, असं आठ-दहा दिवस. रूपालीचा हात खांद्यापर्यंत रांजणात जायचा, आणि पोट फुगत गेलं तसं तिला स्टुलावर उभं राहावं लागलं. आतून मी ऐकायचो, ती स्वतःशीच म्हणायची, "जाड. पातळ. जाड." हळूहळू "जाड" आणि "पातळ" म्हणणं कमी झालं. दोन रांजण झाले. दोन घालायचे, म्हणजे एक तरी निघतो, असं द्वारकाबाईचं मत.

आखाजीच्या दोन दिवस आधी सकाळी आवा भरला. खाली पऱ्हाट्या, गोवऱ्या, मध्ये रांजण, भोवती माठ, वरून भुसा आणि राख. पेटवला तो दुपारपर्यंत धुमसत राहिला. मग झाकून ठेवला. घाई करून उघडला तर गार हवा लागून सगळं तडकतं. सोमनाथ येता-जाता आव्याकडं बघायचा. त्याला उघड उत्सुकता दाखवायची नव्हती, म्हणून तो दर वेळी व्हॅनचं टायर तपासायचा. त्या दोन दिवसांत त्या टायरला जेवढी लाथ बसली तेवढी मला आयुष्यात थापी बसली नसेल.

आखाजीच्या सकाळी आवा उघडला. आणि उघडताना रस्त्यावर ट्रॅक्टर येऊन थांबला. नानासाहेब वेळेचा पक्का माणूस, सांगितल्या दिवशी मुरूम घेऊन हजर. तो खाली उतरून तंबाखू मळत उभा राहिला.

राख बाजूला केली. पहिल्या रांजणाला पोटावरून खालपर्यंत चीर गेली होती. रूपालीनं चिरेवरून बोट फिरवलं. सोमनाथनं टोमणा मारला नाही. चांगला मुलगा आहे, सांगितलं ना. दुसऱ्याची राख द्वारकाबाईनं स्वतः डाव्या हातानं झाडली. भोवती फिरली. मग वाकड्या मनगटाच्या बोटाच्या पेरानं टिचकी मारली.

घंटेसारखा आवाज आला.

तरी ती म्हणाली, पाणी भरा. आवाज फसवतो, पाणी फसवत नाही. बादल्या आणल्या. रांजण भरला. सगळे खाली बघत बसले, नानासाहेबसुद्धा, तंबाखू तळहातावर तशीच. जमीन कोरडी राहिली. आणि सूर्य पत्र्यावर आला तेव्हा रांजणाच्या पोटावर बारीक घाम फुटला, सगळीकडून सारखा. जाड-पातळ काही नाही.

"ट्रॉली कुठं रिकामी करू?" नानासाहेबानं विचारलं.

सोमनाथनं लोटा बुडवून पाणी प्यायलं. अजून गार झालं नव्हतं, तरी पूर्ण प्यायलं. रांजणाला हात लावून बघितला, मग हात पँटला पुसला. गल्लीच्या तोंडाशी जो मोठा खड्डा आहे, पावसाळ्यात व्हॅन अडकते तिथं, त्यात टाका म्हणाला. आणि अंगणातून जाताना चाकाला पाय लागू न देता गेला.

तर असं आहे. आता मी उलटाच असतो. खळग्यातली चिकणमाती निघते, रूपाली पुन्हा भरते. नव्या बाजूनं तिच्या अंगठ्याची खूण अजून धड पडलेली नाही. मला वाटतं वीस-पंचवीस वर्षं लागतील. थापीला वाटतं मी म्हातारा झालो. तिला बदलून तीनदा नवी केली, हे ती विसरते.

तुम्हाला एकच सांगायचं आहे. माठ घ्यायला गेलात की बाहेरचे मोर बघा, बघू नका, तुमची मर्जी. पण आत हात घाला आणि बोटं फिरवा. बारीक उथळ खळगे लागतील, एकाशेजारी एक. ते कुणी रंगवत नाही, कुणी फोटो काढत नाही. तिथं कुणाचा तरी हात खांद्यापर्यंत गेलेला असतो, आणि त्या हातात माझ्यासारखा एखादा असतो.

इथं मी थांबणार होतो. पण त्या आखाजीच्या दुपारी, पितरांना पाणी दाखवून झाल्यावर, आंब्याचा रस आणि पोळीचं जेवण झालं. मग द्वारकाबाईनं मला मांडीवर घेतलं, पदरानं पुसलं आणि मोठ्या तोऱ्यात सुनेला म्हणाली, "बघितलंस ना रूपाली? सगळा गुण ह्याचा. माझ्या सासूनं पन्नास दगडातून निवडलेला गोळा हाय. हा हातात असला की रांजण निघणारच."

मी फुगलो. पुन्हा तोफ आठवली. हत्तीसुद्धा आठवले, निदान त्यांचे पाय.

रूपाली रसाची वाटी चाटत होती. डाव्या हातानं. तिनं वर बघितलं नाही.

"मग महिनाभर ह्याला सरळ धरत होते, तवा कुठं गेला होता ह्याचा गुण, आत्या?"